बाईंची पढंत

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले, तर प्रत्येक वाक्य फिरून इतिहासाच्या बाईंकडेच येऊ लागले. तेव्हा इतर गुरुजनांची क्षमा मागून त्यांच्याविषयीच लिहिते.

आठवीत असताना गॅदरिंगमध्ये माझे कथक होते आणि ऐन वेळी टेपरेकॉर्डरने फीत गुंडाळली. मी विंगेत रडू लागले, तशा बाई पदर खोचून स्टेजच्या कडेला बसल्या आणि लाकडी डस्टरने पेटीच्या खोक्यावर ठेका धरून ‘ता थेई थेई तत्’ अशी पढंत, म्हणजे नाचाचे बोल तालात म्हणणे, सुरू केली. एका तिहाईला, म्हणजे तीनदा म्हणून तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, संपणाऱ्या बोलाला, मी समेवर चुकले. बाईंनी तीच तिहाई पुन्हा उचलली, जणू ती मुळात दोनदाच बसवलेली होती.

दुसऱ्या दिवशी तासाला पानिपत बाजूला राहिले आणि बाईंनी कथक नर्तकी सितारादेवींची गोष्ट सांगितली. काशीच्या शाळेत ‘सावित्री-सत्यवान’ बसवले जात असताना धन्नो नावाच्या मुलीने शिक्षकांपुढे तिथल्या तिथे नाचून दाखवून आपली निवड करायला लावली. तीच पुढे मुंबईत आली आणि निरंजन शर्मांनी ‘उषाहरण’साठी निवडल्यावर बोलपटांत शिरली. १९३१ साली आपल्या गिरगावातल्याच मॅजेस्टिक सिनेमागृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला, त्यानंतरची काही वर्षे पार्श्वगायन नव्हते. नटीने कॅमेऱ्यासमोरच गायचे आणि वादकांनी चौकटीबाहेर लपून वाजवायचे. “काल मी तुझी चौकटीबाहेरची वादक होते,” असे म्हणून बाई हसल्या होत्या.

आज मी चित्रपटांचे ध्वनिसंकलन करते, त्याचे बीज त्या तासातले आहे. मेहबूब खान यांचा १९४२ चा ‘रोटी’ मी कितीदा पाहिला असेन. त्यात सितारादेवींनी आदिवासी तरुणीची भूमिका केली आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे, की सिनेमाने त्यांचा चेहरा आणि चापल्य घेतले, पण त्यांच्या पायांना पुरता वेळ कधी दिला नाही. तासन् तास चालणारा तत्कार, म्हणजे कथकचे पदन्यास, तीन मिनिटांच्या गाण्यात मावणार तरी कसा? १९५७ च्या ‘मदर इंडिया’त होळीच्या गाण्यात त्या मुलाच्या वेशात नाचल्या, आणि पुढे कथकच्याच होऊन राहिल्या. २००२ साली त्यांनी पद्मभूषण नाकारले, आपला मान भारतरत्नाचा आहे असे सांगून. ते वाचून निवृत्त झालेल्या बाईंनी मला मुद्दाम फोन केला होता. “शाळेतसुद्धा तिने स्वतःच मागून घेतलं होतं, आठवतंय ना?”

२५ नोव्हेंबर २०१४ रोजी सितारादेवी गेल्या. “धन्नो गेली गं,” एवढेच बाई बोलल्या. त्यानंतर दोन वर्षांनी बाईही गेल्या.

गेल्या वर्षी पाहुणी म्हणून गॅदरिंगला आले होते. नऊच्या नऊ नाच पेनड्राइव्हवर होते. एकदा आवाज अचानक बंद पडला, मुली जागच्या जागी थांबल्या, आणि मी खुर्चीतून अर्धी उठलेसुद्धा. पण तेवढ्यात कोणीतरी वायर हलवली आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.