बॅशमध्ये स्वतःचे एक्सेप्शन: एका || पायी गेलेल्या दोन संध्याकाळी

बॅश या कमांड-लाइन शेलमध्ये क्लास नाहीत, एक्सेप्शनही (चूक झाली की ती वर फेकून पकडण्याची सोय) नाहीत. पायथनमध्ये स्वतःचं एक्सेप्शन दोन ओळींत होतं; ते काम इथे एक्झिट कोडवर (कमांड संपताना देते तो आकडा; शून्य म्हणजे यश) भागवावं लागतं. कॉपी फसली तर 81, डिस्कवरची जागा संपली तर 82, नेटवर्कच्या चुका 90 च्या पुढे, असे आकडे ठरवून मी त्यांना रीडओन्ली (न बदलणाऱ्या) व्हेरिएबलची नावं दिली. संदेश छापून तो कोड घेऊन बाहेर पडणारं ‘थ्रो’ नावाचं फंक्शन लिहिलं. केस या निवड-रचनेत 8[0-9] (म्हणजे 80 ते 89) लिहिलं की फाइलींच्या सगळ्या चुका एकदम पकडता येतात, अगदी बेस क्लास (सगळ्या प्रकारांचा मूळ प्रकार) पकडावा तशा. हे अर्ध्या तासात झालं.

अडलं ते ट्रायवर, म्हणजे फसू शकणारं काम चालवून त्याची चूक पकडण्यावर. सेट -ई (कमांड फसली की तिथेच थांबवणारा पर्याय) लावलेलं, कंसात सबशेल (वेगळा चालणारा उप-शेल) आणि कंसापुढे || कोड=$? (|| म्हणजे ‘डावीकडचं फसलं तर’, $? म्हणजे शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड). स्क्रिप्ट बॅकअपची होती: आधी नवी प्रत, मग जुनी डिलीट. चाचणीसाठी मी मुद्दाम नसलेला फोल्डर दिला. सीपी या कॉपीच्या कमांडनं एरर छापली आणि लगेच आरएम या डिलीटच्या कमांडनं जुनी प्रत उडवली. कोड मात्र शून्य!

सबशेलच्या आत पुन्हा सेट -ई लिहिलं, फरक नाही. ट्रॅप ईआरआर (कमांड फसली की ठरवलेलं काम चालवणारा सापळा) लावला, तोही गप्प. सेट -एक्स (चालणारी प्रत्येक कमांड छापणारा पर्याय) लावून पाहिलं, तर अधिक चिन्हाच्या दोन ओळी एकाखाली एक: सीपी, आरएम. मध्ये काहीच नाही. दुसऱ्या संध्याकाळी मॅन्युअल शब्दन् शब्द वाचलं तेव्हा कळलं: || च्या डावीकडे किंवा इफच्या अटीत जे काही चालतं, त्या सगळ्यात सेट -ई निकामी असतं, आत नव्यानं लावलं तरीही. हे नियमानुसारच आहे म्हणे. माझा राग अजून गेलेला नाही, कारण एररवर थांबण्यासाठीच तर ते लावतात.

उपाय असा: सेट +ई करा (म्हणजे सेट -ई बंद), मग नुसता सबशेल, त्याची पहिली ओळ सेट -ई, कंस संपताच $? साठवा आणि सेट -ई परत लावा. शिवाय महत्त्वाच्या प्रत्येक कमांडपुढे || थ्रो लिहा. थ्रो स्वतः एक्झिट करतं, त्यामुळे ते || च्या डावीकडेही चालतं.

आकडे ठरवतानाच सांगायला हवं होतं: 255 च्या वर जाऊ नका, 256 दिलं तर बाहेर शून्य येतो. 126, 127 आणि 128 च्या पुढचे शेल स्वतः वापरतं, तेही सोडा.

बदल केल्यावर तीच चाचणी पुन्हा चालवली. 81 छापलं गेलं आणि जुनी प्रत जागेवर होती.