दुधात कपट कुठं असतं?

बायबलच्या भाषांतराचा मसुदा झाला की तो गावात वाचून दाखवावा लागतो. ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही, कारण सगळे हो म्हणतात. ‘तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणायचं. त्या दिवशी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका वाडीवर होते. येशूचा शिष्य पेत्र याचं पहिलं पत्र, अध्याय 2. माझा जीव अडकला होता एकाच ग्रीक शब्दात: डोलॉस.

रुळलेला अर्थ कपट. पण ‘ओडिसी’त खडकावरचा मासेमार लहान माशांसाठी टाकतो ते आमिषही डोलॉसच. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात याकोब डोलॉसनं थोरल्या भावाचा, एसावाचा आशीर्वाद लाटतो. त्याच याकोबाला पुढं इस्राएल हे नाव मिळतं, आणि त्याचे वंशज ते इस्राएली. म्हणूनच ‘हा खरा इस्राएली, ह्याच्यात डोलॉस नाही’ हे येशूचं नथनेल नावाच्या माणसाविषयीचं बोलणं एवढं खोल जातं.

पेत्र तर शब्दाची जोडीच लावतो. पहिल्या वचनात डोलॉस टाकून द्या म्हणतो, दुसऱ्यात तान्ह्या बाळांसारखी ‘आडोलॉन’, म्हणजे डोलॉस नसलेल्या, दुधाची आस धरा म्हणतो. हाच शब्द इजिप्तमधल्या पपायरसच्या जुन्या कागदांवर धान्याच्या करारांत सापडतो: गहू स्वच्छ, बिनभेसळीचा हवा. बाजारातला शब्द आहे तो. आमच्या मसुद्यात मात्र ‘निष्कपट दूध’ होतं, कारण एका ग्रीक शब्दाला एकच मराठी शब्द, असा समितीचा आग्रह. तक्ते भरायला हा नियम बरा, कानाला नाही.

मी वाचलं. रोज डेअरीवर दूध घालणाऱ्या एक मावशी पुढं सरकल्या. “ताई, दुधात कुठं कपट असतंय? दुधात पाणी असतं. लॅक्टोमीटर बुडवला की डिग्री उतरती. कपट घालणाऱ्याच्या मनात.”

मी तिथंच वहीत लिहिलं: ‘मनातली भेसळ टाकून द्या… निर्भेळ दुधाची आस धरा.’ पुन्हा वाचलं तेव्हा मावशींनी न अडखळता अर्थ सांगितला. धान्याचा करार लिहिणाऱ्याला जे कळत होतं, तेच त्यांना कळलं.

समितीनं ‘निर्भेळ’ घेतलं, ‘भेसळ’ नाकारली. त्याच अध्यायाचं 22वं वचन माझ्यासमोर ठेवलं. जुन्या करारातल्या यशया या पुस्तकातून घेतलेलं, ख्रिस्ताविषयी: त्याच्या मुखात डोलॉस आढळला नाही. तिथं ‘मुखात भेसळ’ म्हणणार का?

नाही म्हणणार. तिथं कपटच हवं. पण मग पहिल्या दोन वचनांतली जोडी तुटते, आणि मावशींनी जे एका दमात पकडलं ते छापील पानावर दिसणार नाही. ती दोन्ही वचनं मी अजून रोज उघडते.