चेन्नईच्या ट्रॅकवर गाडी नेताय? आधी पॉलिसीचं दुसरं पान वाचा

‘फुल इन्शुरन्स’ हा शब्द ज्याने काढला, त्याला एकदा चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर, टायरच्या भिंतीसमोर उभं करायला हवं. हे लिहितोय तेव्हा माझी गाडी चेन्नईतल्या पोरूरच्या एका गॅरेजात चाकं काढून उभी आहे आणि मी पुण्यात रिक्षाने ऑफिसला जातोय. सूर कडवट लागला तर समजून घ्या.

मी गेलो होतो ट्रॅक डेला, म्हणजे फी भरून स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला. जायचं कसं ते थोडक्यात. इरुंगाट्टुकोट्टईचा हा ट्रॅक, म्हणजे मद्रास इंटरनॅशनल सर्किट, श्रीपेरुंबुदूरच्या पुढे, चेन्नई यायच्या आधी, एनएच 48 ला लागूनच आहे. म्हणजे आपण वारज्याला चढतो तोच हायवे सोडायचा नाही, साडेअकराशे किलोमीटर. सातारा ते कागल सहापदरीकरणाची डायव्हर्जनं, मग कर्नाटकात सुसाट, चित्रदुर्गला मुक्काम, आणि वालाजापेटच्या पुढे पुन्हा तेच रडगाणं. आदल्या दिवशी महाबलीपुरम पाहिलं, छान आहे.

ट्रॅक 3.717 किलोमीटरचा, 12 वळणांचा, 1990 पासून चालू. हेल्मेट, टो हुक, टायरची हवा वगैरे सांगत बसत नाही. ते माहीत नसेल तर अजून जाऊ नका.

आता मुद्द्याचं. निघण्याआधी मी विम्याच्या एजंटला फोनवर स्पष्ट विचारलं होतं, ट्रॅकवर नेतोय, चालेल ना? “साहेब, बंपर टू बंपर आहे तुमचं. झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस, सगळं टाकलंय. बिनधास्त जा.” ही सगळी मूळ पॉलिसीवर जादा पैसे भरून घ्यायची कव्हरं, म्हणजे अ‍ॅड-ऑन; झिरो डेप म्हणजे पार्टची झीज न कापता भरपाई. मी बिनधास्त गेलो. आयोजकांच्या पत्रकातही फीच्या खाली ‘इन्शुरन्स इन्क्लुडेड’ असं छापलेलं. म्हटलं, दुहेरी कवच झालं.

दुसऱ्या सेशनच्या चौथ्या लॅपला, मोठ्या सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेकचं पॅडल थेट तळाला गेलं. तिथल्या पहिल्या वळणाला सगळे सी-वन म्हणतात आणि तिथे गाडी चांगलीच वेगात असते. गवत, मग माती, मग टायरची भिंत. शेजारी बसलेला मेव्हणा एवढंच म्हणाला, “दाजी, धूर आपल्याच गाडीचा आहे का?” आपल्याच गाडीचा होता. रेडिएटर फुटून कूलंटची वाफ निघत होती. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही, पण बंपर, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, डाव्या बाजूचा लोअर आर्म आणि एक अलॉय गेलं. चूक माझी. ब्रेक ऑइल अडीच वर्षं जुनं होतं. नवं डॉट 4 प्रतीचं ब्रेक ऑइल किमान 230 अंशाला उकळतं, पण हवेतली ओल शोषून घेतलेलं 155 च्या आसपासही उकळू शकतं, आणि ट्रॅकवर तेवढी उष्णता चार लॅपमध्ये सहज येते. उकळलं की आत वाफ होते आणि पॅडल दाबून ब्रेक लागत नाही. जाण्याआधीच्या आठवड्यात ब्रेक ऑइल बदला, बाकी काही केलं नाही तरी चालेल.

मग पिटच्या कठड्यावर बसून मोबाइलवर पॉलिसीची पीडीएफ पहिल्यांदा पूर्ण वाचली. दुसऱ्या पानावर, अगदी बारीक अक्षरात, ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’. गाडी कुठल्याही कामाला वापरा. फक्त भाड्याने देणं, मालवाहतूक, ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल आणि मोटार धंद्याशी संबंधित वापर सोडून. खासगी गाडीची कुठल्याही कंपनीची पॉलिसी काढा, हेच वाक्य सापडेल. अ‍ॅड-ऑन मूळ पॉलिसीवरच उभे असतात, त्यामुळे मूळ पॉलिसीच लागू नसेल तर झिरो डेप कशाला चाटायचंय? माझे त्या वर्षीचे अ‍ॅड-ऑनचे सहा हजार तसेच पाण्यात.

“पण ही शर्यत नव्हतीच, नुसता ट्रॅक डे होता” हा वाद मीही घालून पाहिला, मनातल्या मनात. सकाळीच गाडीला लॅपची वेळ नोंदणारा ट्रान्सपाँडर चिकटवलेला आणि दुपारी लॅप टाइमचा छापील कागद हातात आलेला. असा कागद स्वतःच खिशात घालून हिंडणाऱ्याने ‘स्पीड टेस्टिंग’ या शब्दाशी भांडायला जाऊ नये.

एजंटला फोन केला. त्याचा आवाज एकदम खाली आला. “साहेब, हायवेवर कुत्रं आडवं आलं म्हणून सांगू. गाडी फक्त गेटच्या बाहेर काढा.” खोटं कशाला सांगू, मी दोन मिनिटं गप्प होतो. पण रेडिएटरच्या जाळीत गवत, चाकाच्या कमानीत मुठीएवढी तांबडी माती, आणि तीस जणांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ. नुकसान तपासायला येणारा विम्याचा सर्व्हेअर आंधळा नसतो, आणि ही सरळसरळ फसवणूक आहे. करू नका. मी क्लेम टाकलाच नाही.

बरं, स्वतःच्या गाडीचंच जातं असं समजू नका. मोटर वाहन कायद्याच्या कलम 150 मध्ये विमा कंपनीला थर्ड पार्टीच्या दाव्यातही बचाव दिलेला आहे, त्यातला एक म्हणजे ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगवरची बंदी मोडणं. दुसऱ्याच्या गाडीला ठोकलंत तर तेही तुमच्याच अंगावर येऊ शकतं. आयोजकांचं ‘इन्क्लुडेड’ म्हणजे चालकाचा अपघात विमा आणि अ‍ॅम्ब्युलन्स. गाडीचा एक रुपया नाही. उलट सकाळी सही केलेल्या दोन पानी फॉर्ममध्ये ट्रॅकचं नुकसान मी भरेन असं होतं. सुदैवाने टायरच्या भिंतीचं कोणी काही मागितलं नाही.

रॅलीसाठी जादा प्रीमियम भरून पॉलिसीला जोडता येणारं कलम मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटर विम्याच्या नियमावलीत, आहे, त्यावर भुलू नका. त्यातही रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग पुन्हा वगळलेलंच आहे. इंग्लंडात एका दिवसाचा ट्रॅक विमा मिळतो. इथे मी तीन ब्रोकरना फोन केले, तिघांनीही आधी “ट्रक का?” असं विचारलं.

एक जागा मात्र बरी निघाली, ती म्हणजे आरोग्य विमा. त्यातल्या वगळणुकीत मोटर रेसिंगचं नाव आहे, पण व्यावसायिक म्हणून भाग घेतला तर, असं. पॉलिसीत हे कलम ‘कोड एक्सक्लूजन 09’ म्हणून सापडेल. आपल्यासारख्या हौशी माणसाला ते लागू होत नाही. तरी आपल्या कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, फोनवर नको. फोनचं काय होतं ते वर वाचलंत.

आता फ्लॅटबेड, म्हणजे बंद गाडी पाठीवर घालून नेणारा ट्रक. रोडसाइड असिस्टन्सच्या मुलीने ठिकाण विचारलं, मी खरं सांगितलं, तिने होल्डवर ठेवलं आणि फोन कटला. गेटवरच्या माणसाने ओळखीचा ट्रकवाला बोलावला. बावीस किलोमीटरसाठी ‘नाइन थाउजंड, सर’. रडकुंडीला येऊन साडेसहा हजारांवर तोडलं, आणि पोरूरला उतरवताना पोरं चहापाण्याला आणखी तीनशे घेऊन गेली. सकाळी सेशन सुरू व्हायच्या आधीच, गाडी धड असताना, टोइंगवाल्याचा नंबर आणि भाव ठरवून ठेवा. ठोकल्यावर तुमच्या हातात काहीच नसतं.

दुरुस्तीचा एकूण अंदाज 1,48,000 रुपये. गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, 4,10,000. माझं मत सरळ आहे: आयडीव्हीएवढी रक्कम उद्या गेली तरी घरात भांडण होणार नाही, अशीच गाडी न्या. हप्ते चालू असलेली गाडी अजिबात नको, कारण बँकेला सी-वनशी देणंघेणं नाही. ज्यांना नुसतं शिकायचंय त्यांनी ट्रेनिंग स्कूलची गाडी घ्यावी. तिथे ठोकलं तर जास्तीत जास्त किती भरायचं ते आधीच कागदावर असतं.

आणि हो, ते तीन लॅप. चौथ्याच्या आधीचे. त्यांच्याबद्दल आत्ता लिहिलं तर मी पुढच्या तारखेची फी भरून बसेन, बायकोने यूपीआयची मर्यादा दोन हजारांवर आणली असली तरी.

काल एजंटचा नूतनीकरणाचा मेसेज आला, या वेळी सोबत ‘टायर प्रोटेक्ट’. मी त्याला दुसऱ्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.