जुनी स्पोर्ट्स सेडान दान देण्याआधीच्या नोंदी

रविवार

दान दिलेली आलिशान स्पोर्ट्स सेडान सेवाभावी संस्थेच्या रोजच्या कामाला लागेल, ही कल्पना आधी सोडून द्यावी. तिला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. पुढची आणि मागची टायरं बहुधा वेगवेगळ्या रुंदीची असतात, त्यामुळे ती आलटून-पालटून घालता येत नाहीत. एअर सस्पेन्शनचा, म्हणजे गाडीला तोलून धरणाऱ्या हवेच्या फुग्यांपैकी, एक फुगा गळू लागला की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो. आजारी माणसांची किंवा प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांच्या गळ्यात हा खर्च अडकवणं मला पटत नाही. त्यांना पैसे हवेत, आणि ते गाडी विकूनच येतील. म्हणून आपण जे काही करायचं ते विक्रीचा भाव राखण्यासाठी.

संस्थेला पहिल्याच फोनवर विचारायचं: विक्री तुम्ही करता की मध्यस्थ? तो ठरावीक रक्कम घेतो की टक्केवारी? स्वस्त गाडीत ठरावीक रक्कमच बराच भाग खाऊन टाकते, महागड्या गाडीत टक्केवारी जास्त कापते. आणि गाडी भंगाराच्या गाड्यांबरोबर सरसकट लिलावात जाणार, की अशा गाड्यांचे जाणकार जिथे येतात तिथे? भावात सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. अमेरिकेत तर २००५ पासून दात्याची करवजावटही याला बांधलेली आहे: संस्थेने गाडी न वापरता, न सुधारता विकली आणि वजावट ५०० डॉलरच्या वरची असेल, तर विक्रीतून जेवढे आले तेवढ्याचीच वजावट मिळते.

इंजिन किंवा गिअरबॉक्सच गेला असेल तर मेकॅनिक घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्थेचा विचार जरूर करावा. तिथे गाडी रस्त्यावर धावायची गरज नाही. उघडून शिकायला एवढी सगळी इलेक्ट्रॉनिक्स एका जागी त्यांना सहसा मिळत नाहीत.

मंगळवार

आज फक्त बॅटरी. द्यायची म्हणून गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते आणि पहिला मार बॅटरीला बसतो. कुलूप लावलेली गाडीही थोडा विद्युतप्रवाह खात असते. तो ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. ८० अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात जवळजवळ निम्मी उतरली. चावी गाडीजवळच टांगून ठेवली तर काही गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात आणि बॅटरी त्याहून लवकर उतरते.

गाडी बंद करून काही तास गेल्यावर मीटर लावावा. १२.७ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली आली की चार्जिंगला लावायची, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. तशीच राहिली तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेट जमून घट्ट होतं आणि गेलेली क्षमता परत येत नाही. चार्जरवर एजीएमची, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेल्या बॅटरीची, सोय असावी. ऋण टोक बॅटरीवर न लावता चासीच्या जोडबिंदूवर लावावं, कारण बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. त्याला वगळून भरलं तर गाडीचा हिशेब चुकतो. बॅटरी नवी घातलीच, तर काही कंपन्यांच्या गाड्यांत तिची नोंद संगणकात करावी लागते, नाहीतर जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्जिंग सुरू राहतं.

एवढा आटापिटा कशासाठी? कमी व्होल्टेजवर स्टार्टर मारला की स्टिअरिंग, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, सगळेच कंट्रोलर बिघाडाचे कोड नोंदवतात. खरेदीदार स्कॅनर लावतो, वीसेक कोडांची यादी पाहतो आणि भाव पाडतो. गाडीत मात्र दुखणं काहीच नसतं.

बुधवार

मोठी दुरुस्ती करू नये. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून तेल झिरपणं, उष्णतेने ठिसूळ झालेली कूलंटची प्लॅस्टिक टाकी ही या गाड्यांची नेहमीची दुखणी आहेत, आणि जाणकार खरेदीदार ती धरूनच बोली लावतो. दुरुस्तीचा खर्च भावात क्वचितच भरून येतो. तेवढेच पैसे संस्थेला रोख द्यावेत.

कोड पुसूनही देऊ नये. पुसले की गाडीच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात आणि काहीतरी लपवलंय असा संशय येतो. माहीत असलेले दोष कागदावर लिहून द्यावेत.

एक काम मात्र टाळू नये, ते म्हणजे कंपनीने परत बोलावलेल्या भागांची तपासणी. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. यात महागड्या गाड्याही होत्या. असा भाग गाडीची कंपनी फुकट बदलते. दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होईल अशी गाडी दान म्हणून देऊ नये.

टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार अंकही टिपून ठेवावेत, त्यावरून टायर कधी बनलं ते कळतं: २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा.

शुक्रवार

कागद. गाडीचा ओळख क्रमांक अक्षरं आणि अंक मिळून १७ चिन्हांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. ‘ओ’ वाटला तर तो शून्यच. एका अक्षराच्या चुकीने हस्तांतरण अडकतं. कर्ज असेल तर आधी ते फेडून बोजा उतरवून घ्यावा. नव्या मालकाची जागा कोरी ठेवून सही कधीही देऊ नये; नोंदणी बदलेपर्यंत दंड आणि अपघाताची जबाबदारी आपल्याच नावावर येऊ शकते. विमाही त्यानंतरच बंद करावा.

मग गाडीच्या पडद्यातून स्वतःला पुसून टाकायचं: फोनबुक, घराचा पत्ता, गेटचं रिमोट. फॅक्टरी रीसेट केल्यावरही मोबाइल ॲपमधून गाडी वेगळी काढावी लागते, नाहीतर जुना मालक ती कुठे उभी आहे हे पाहू शकतो, काही गाड्यांची दारंसुद्धा उघडू शकतो.

दुसरी चावी, सर्व्हिसच्या पावत्या, टोइंगचा हूक आणि चाकाच्या लॉकनटचा (चोरी टाळणाऱ्या खास नटचा) अडॅप्टर एका पिशवीत. हा अडॅप्टर हरवला तर पुढच्या माणसाला साधं चाक काढता येत नाही.

शनिवार

नेणाऱ्याला आधीच सांगायचं: फ्लॅटबेडच हवा, म्हणजे अख्खी गाडी वर घेणारा सपाट ट्रक. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग, खराब होऊ शकते. गाडी खालून बुटकी असल्याने चढाला फळ्या लागतात. बॅटरी उतरलेली असेल तर पार्किंग लॉक आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक सुटत नाहीत, मग चाकांखाली सरकत्या ट्रॉल्या घालाव्या लागतात. चार्जर गाडी निघेपर्यंत लावूनच ठेवायचा.

निघताना किलोमीटरच्या आकड्याचा आणि चारही बाजूंचे फोटो, आणि संस्थेच्या नावाची, तारीख-वेळ घातलेली पोच.