लक्सरच्या आभाळात नवं वर्ष: बलूनची सकाळ कशी आखावी

इजिप्तमधल्या लक्सरमध्ये 31 डिसेंबरच्या रात्री साडेआठ वाजतात तेव्हा पुण्यात आणि नागपुरात बाराचे ठोके पडतात. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. नववर्षाच्या पहाटे तिथे गरम हवेच्या बलूनमध्ये उभं राहायचं असेल तर सगळी आखणी या साडेतीन तासांवर बसवावी. साडेआठला घरच्यांना व्हिडिओ कॉल, शुभेच्छा, तोंड गोड, आणि साडेनऊच्या आत पांघरुणात. न्यायला येणारी गाडी पहाटे साडेचार-पाचला हॉटेलच्या दारात असते. तिथले बारा वाजेपर्यंत जागलेला माणूस तीन तासांच्या झोपेवर निघतो आणि टोपलीत तासभर उभा राहताना पेंगतो. दोन नववर्षं साजरी करण्याचा मोह सोडावा. आपलं एक साडेआठला झालेलं असतं.

हिवाळी बलून म्हटलं की बहुतेकांना तुर्कस्तानातलं कॅपाडोशिया आठवतं. ते सुंदर आहेच, पण जानेवारीत तिथे बर्फ पडतो, पारा शून्याखाली जातो आणि हवेमुळे लागोपाठ काही दिवस उड्डाणं बंद राहू शकतात. हाताशी मोजके दिवस असणाऱ्या कुटुंबाने तिथे नववर्षाचा जुगार खेळू नये. लक्सरचा हिवाळा हाच तिथला मुख्य हंगाम असतो. पहाटे साधारण 5-6 अंश, दुपारी विशीच्या वर, पाऊस जवळजवळ नाही. तरीही वारा आणि नदीकाठचं धुकं आहेच, म्हणून 1 जानेवारीचाच हट्ट धरू नये. 30 तारखेला पोहोचावं, 1 तारखेचं बुकिंग करावं, 2 आणि 3 च्या सकाळी मोकळ्या ठेवाव्यात. दोनच सकाळी हातात असतील तर 31 चं बुकिंग करावं, म्हणजे रद्द झालं तर 1 तारीख उरते. लोक उलटं करतात, 1 ला बुकिंग आणि 1 च्याच दुपारी परतीचं विमान. त्यात हवा बिघडली की पैसे परत मिळतात, सकाळ मिळत नाही.

नाईलवरच्या क्रूझमुळेही असंच अडतं. लक्सरहून अस्वानला जाणारी बोट ठरलेल्या वेळी सुटते आणि तुमच्या बलूनसाठी थांबत नाही. क्रूझ घ्यायचीच असेल तर तिच्या आधी किंवा नंतर लक्सरमध्ये स्वतंत्र मुक्काम ठेवा, आणि तो शक्यतो पश्चिम काठावर ठेवा. बहुतेक हॉटेलं पूर्व काठावर, शहरात आहेत, पण बलून उडतात पश्चिम काठावरून. शहरातून निघालात की गाडी, मग काळोखात मोटरबोटीने नदी पार, मग पुन्हा गाडी. पश्चिमेला राहिलात तर झोपेचा अर्धा-पाऊण तास वाचतो, आणि लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर तो फार मोलाचा असतो.

उड्डाण पहाटेच का, यामागे नुसता सूर्योदयाचा देखावा नाही. रात्रभर जमीन गार झालेली असते, तिच्यालगतची हवा शांत पडून असते. ऊन चढलं की वाळवंटाचा भाग आणि भिजलेली शेतं वेगवेगळ्या वेगाने तापतात, गरम हवेचे झोत वर उठू लागतात, आणि त्यात बलून उतरवणं अवघड होतं. थंडीचा दुसरा फायदा वजनाचा. बलूनच्या आतली हवा सरासरी 95 अंशांवर ठेवली आणि बाहेर 6 अंश असतील, तर दर हजार घनमीटरमागे सुमारे 305 किलोची उचल मिळते. बाहेर 28 अंश असतील तर तीच सुमारे 215 किलोवर येते. म्हणजे हिवाळ्यात तेवढंच वजन कमी गॅसवर उचललं जातं आणि कापडही कमी तापवावं लागतं.

1 जानेवारीला लक्सरचा सूर्योदय साधारण 6 वाजून 35 मिनिटांनी होतो. हंगामात बलून एकाहून जास्त फेऱ्यांत सोडतात. उगवता सूर्य टोपलीतूनच पाहायचा असेल तर बुकिंग करतानाच पहिली फेरी मागा आणि ते लेखी घ्या. पोहोचल्यावर विचारून उपयोग नसतो. बाकी प्रश्न असे: टोपलीत एकूण किती जण, उड्डाण रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख, विमा कशाकशाचा. वीस-पंचवीस माणसांच्या टोपलीत वेताच्याच भिंतींनी कप्पे पाडलेले असतात आणि मधला कप्पा पायलट व सिलिंडरांचा. सोळा किंवा त्याहून कमी जणांची टोपली मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यावेत, कारण मग प्रत्येकाला कडेची जागा मिळते. वजन विचारलं तर खरं सांगा. कुणाला कुठल्या कप्प्यात उभं करायचं हे त्यावरून ठरतं, आणि दहा किलो लपवले की तोल साधायला पायलटला अडचण येते.

घरातल्या कुणाला न्यायचं नाही हेही आधी ठरवावं. गरोदर स्त्रिया, सहा वर्षांखालची मुलं, नुकतंच ऑपरेशन झालेली माणसं, ठिसूळ हाडांचे किंवा गुडघे वाकवता न येणारे आजी-आजोबा यांनी खाली थांबलेलं बरं. टोपलीला दार नसतं, बाजूच्या खाचांत पाय रोवून छातीएवढ्या भिंतीवरून आत चढावं लागतं. बसायला जागा नसते, स्वच्छतागृह तर नाहीच, म्हणून पहाटेचा चहा अर्धाच घ्या. आणि घरून निघण्याआधी प्रवास विम्याची कागदपत्रं उघडून बघा. बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात आणि बलून त्यात मोडतो.

कपड्यांबाबत एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. थंडी वर कमी वाजते, खालीच जास्त. बलून वाऱ्याबरोबरच चालतो, त्यामुळे टोपलीत वारा लागत नाही, आणि डोक्यावर हवा तापवणारा गॅसचा बर्नर धगधगत असतो. गारठा बाधतो तो उड्डाणाआधी उघड्या रानात थांबताना, तोही पायांना. म्हणून बंद बूट, लोकरीचे मोजे, सहज काढता येईल असं जाकीट. डोक्याला सुती टोपी हवीच, बर्नरची झळ थेट टाळूवर येते. उंच माणसांना ती विशेष जाणवते. लांब मफलर आणि लटकत्या ओढण्या नकोत. फोनला गळ्यात अडकवायची दोरी लावा. ड्रोन मात्र बॅगेत ठेवूच नका. इजिप्तमध्ये परवानगीशिवाय तो आणता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात.

मैदानावर गेल्यावर घाई करून पुढे उभे राहू नका, मागून बघा. कापड जमिनीवर लांबच लांब पसरलेलं असतं आणि टोपली आडवी. कुणीतरी एक छोटा फुगा सोडतो, पायलट मान वर करून तो कुठे सरकतो ते पाहत राहतो. जमिनीवर पान हलत नसलं तरी शंभर मीटरवर वारा वेगळ्या दिशेने जात असू शकतो, आणि बलूनला वळवण्याचं साधन तेवढंच: वर-खाली होऊन हव्या त्या दिशेचा थर पकडणं. मग पेट्रोलवरचा मोठा पंखा सुरू होतो. दोघं-तिघं कापडाचं तोंड ताणून धरतात, आत गार हवा भरत जाते, कापड कुशीवर वळल्यासारखं फुगतं. ते पुरेसं भरलं की पायलट बर्नर आडवा पेटवतो. पुरुषभर लांबीची ज्योत आत शिरते, सगळा घुमट आतून नारिंगी उजळतो, आणि काही मिनिटांत तो उभा राहतो, सोबत टोपलीही उभी होते. तोंडाजवळचं कापड आग न धरणारं असतं. वरचं नायलॉन तसं नसतं, म्हणून ज्योत सरळ ठेवणं हेच पायलटचं पहिलं कसब. जमिनीवर वारा ताशी 18 किलोमीटरच्या आसपास गेला तर हे सगळं थांबतं. गाड्या मागे फिरतात. तेव्हा वाद घालू नका, त्या माणसाने बरोबर केलेलं असतं.

वर गेल्यावर जागेसाठी धक्काबुक्की नको. बलूनच्या अंगाला फिरवण्याच्या झडपा असतात आणि पायलट सगळ्यांना सगळ्या बाजू दाखवतो. पूर्वेला नाईल, पश्चिमेला उघडे डोंगर. देर अल-बहरी इथलं, प्राचीन इजिप्तची राणी हत्शेपसूत हिचं मंदिर पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे पहिलं ऊन त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या सज्ज्यांवर पडतं. हा क्षण चुकवू नये. कुठल्या देवळावरून जाल हे वारा ठरवतो, आधी कुणी हमी दिली तर विश्वास ठेवू नका. पण एक दृश्य जवळपास नक्की असतं, आणि कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला ते चटकन ओळखीचं वाटेल: खाली उसाचे फड, पाटाचं पाणी, आणि जिथे पाणी संपतं तिथे एका रेषेवर हिरवं संपून वाळवंट सुरू होतं.

उतरताना पायलट सांगेल तेव्हा फोन खिशात घालायचा, जाण्याच्या दिशेला पाठ करायची, पाठ टोपलीच्या भिंतीला टेकवायची, गुडघे वाकवायचे आणि आतले दोर घट्ट धरायचे. वारा असेल तर टोपली दोन-तीनदा आपटते, कधी आडवी पडून थोडी घसटत जाते. वेत दबून पुन्हा उसळतो, म्हणून आजही टोपल्या वेताच्याच करतात. हाडं मोडतात ती बहुधा ताठ पाय ठेवणाऱ्यांची.

टोपली टेकली की लगेच बाहेर उडी मारायची नाही, हा नियम सर्वांत महत्त्वाचा. 26 फेब्रुवारी 2013 ला लक्सरमध्येच एका बलूनच्या गॅसच्या नळीला उतरताना आग लागली. पायलट आणि एक प्रवासी बाहेर पडले, वजन घटलं, आतली हवा तापतच राहिली आणि बलून पुन्हा वर उसळला. 21 पैकी 19 जण गेले. जानेवारी 2018 मध्ये वाऱ्याने भरकटलेल्या बलूनच्या अपघातात एका पर्यटकाचा मृत्यू झाला, तोही याच नववर्षाच्या आठवड्यात. हे वाचून घाबरून जायचं नाही, पण पायलट सूचना देत असताना सेल्फी काढायची नाही. सूचना कळली नाही तर हात वर करून पुन्हा विचारा. इंग्रजी न कळणाऱ्या घरच्यांना तिथल्या तिथे मराठीत सांगा, आणि उतरण्याची बैठक मुलांकडून हॉटेलच्या खोलीतच दोनदा करून घ्या.

खिशात इजिप्शियन पौंडाच्या सुट्या नोटा असू द्या. धावत मागे आलेल्या, कापड गुंडाळणाऱ्या माणसांना बक्षीस द्यायची पद्धत आहे, आणि शब्दही जवळजवळ आपलाच, बक्शीश. साडेसात-आठपर्यंत सगळं आटोपतं. तेव्हा परत हॉटेलवर जाऊ नका. मेम्नॉनचे दोन महाकाय पुतळे वाटेवरच आहेत आणि तिथे तिकीट नाही. तिथून हत्शेपसूतच्या मंदिराकडे जा. दुपारी पूर्व काठावर परतलात की बाजारात उसाच्या रसाचं दुकान शोधा. तिथे त्याला असब म्हणतात, आणि आल्या-लिंबाशिवाय, नुसता देतात.