सॅन फ्रान्सिस्कोचे मोझेक जिने: आधी ऊन बघा, मग क्रम लावा

सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिम अंगाला, रिचमंड आणि सनसेट या वस्त्यांमध्ये, मोझेकचे, म्हणजे रंगीत फरश्यांच्या तुकड्यांनी सजवलेले, तीन जिने एका दिवसात निवांत बघून होतात. क्रम चुकला तर मात्र रंग फिके दिसतात. फरश्यांचं काम पायरीच्या उभ्या बाजूवर आहे, पाय ठेवतो त्या भागावर नाही. वरून उतरणाऱ्याला नुसतं काँक्रीट दिसतं. म्हणून जिना खालून चढायचा, आणि त्याचं तोंड असेल त्या बाजूला ऊन असताना.

सकाळी आधी लिंकन पार्क. कॅलिफोर्निया स्ट्रीट 32व्या अ‍ॅव्हेन्यूपाशी संपतो तिथे 52 पायऱ्या, तोंड पूर्वेला. डाउनटाउनहून 1 नंबरची बस. इथे फार वेळ लागत नाही.

परत त्याच बसने पार्क प्रेसिडिओ, तिथून 28 नंबरने दक्षिणेला, 19वा अ‍ॅव्हेन्यू आणि जूडा स्ट्रीटच्या चौकात उतरायचं. क्लिपर कार्डावर (बस-ट्रामचं भाडं भरायचं कार्ड) 120 मिनिटांत बस बदलली तर दुसरं भाडं पडत नाही. पुढे तीन अ‍ॅव्हेन्यू पूर्वेला चालत. पत्ता टाकताना ‘16वा अ‍ॅव्हेन्यू’च टाका. 16वा स्ट्रीट वेगळा, तो पार मिशन भागात आहे, आणि ही चूक हमखास होते. सनसेटमधले आडवे रस्ते इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागतात: जूडा, कर्कम, लॉटन, मोरागा. एकदा हे कळलं की नकाशा खिशात.

कर्कम ते लॉटन हिडन गार्डन स्टेप्स, 148 पायऱ्या, 2013 साली पूर्ण झालेल्या. तोंड उत्तरेला, त्यामुळे थेट ऊन कमीच. दुपारच्या बाराला गेलात तरी बिघडत नाही.

आणखी एक रस्ता पुढे मोरागावर खरा ऐवज: 163 पायऱ्या, 2005 साली आयलीन बार आणि कोलेट क्रचर या कलाकारांनी तीनशेहून जास्त रहिवाशांना हाताशी धरून केलेल्या. तळाशी समुद्र आणि मासे, माथ्यावर सूर्य. जवळ उभं राहिलं की फक्त तुकडे दिसतात. चित्र जुळतं ते 16वा अ‍ॅव्हेन्यू ओलांडून पलीकडच्या फुटपाथवरून. आधी तिथून बघा, मग चढा, आणि चढताना वर्गणीदारांची नावं कोरलेल्या फरश्या वाचा. तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळी सगळं सावलीत असतं. दुपारी दोननंतर रंग उजळतात. जून ते ऑगस्ट समुद्रावरचं धुकं हा हिशेब मोडतं, सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात भरवशाचे. धुक्यानंतर पायऱ्या ओलसर राहतात, कठडा धरा. दोन्ही बाजूंना लोकांची घरं आहेत, आवाज बेताने.

वर 15वा अ‍ॅव्हेन्यू ओलांडला की ग्रँडव्ह्यू पार्कचा लाकडी जिना, माथा 666 फूट. टेकडी वाळूची, वाऱ्याने ती फळ्यांवर येते आणि पाय घसरतो तो उतरताना, चढताना नाही. बुटाचा तळ गुळगुळीत नको. खाली हवा कितीही उबदार वाटली तरी जाकीट घ्या, माथ्यावरचा वारा बोचरा असतो. जिन्यांपाशी स्वच्छतागृह नाही, आधीच उरकून घ्या. परतायला खाली जूडावर एन ट्राम.

हाताशी फक्त दुपार असेल तर लिंकन पार्क सोडा.