अंड्यांशेजारचा मूठभर पाला

अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीत मगरीसारख्या अ‍ॅलिगेटरचं घरटं मी पहिल्यांदाच उघडलेलं पाहत होतो. मादीने गवत, लव्हाळी आणि चिखल ओढून रचलेला कमरेएवढा ढीग. एक सहकारी हातात वल्हं धरून तिच्यावर नजर ठेवून होता. दुसरा अंडी मोजत होता. अंडं उचलण्याआधी तो त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायचा, कारण ठेवताना ते उलटं झालं तर आतला जीव दगावू शकतो. मी शेजारचा मूठभर काळपट, ओला पाला पिशवीत घेतला. आतलं तापमान भरलं ३२ अंश सेल्सिअस.

प्रयोगशाळेत पाल्याचे कण पेट्री डिशमधल्या अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, पसरले. निम्म्या डिश २५ अंशांवर ठेवल्या, निम्म्या ५० वर. इतक्या उष्णतेत अगार सुकतं, म्हणून आत पाण्याचं भांडंही ठेवलं. ५० अंशांवरच्या एका डिशमध्ये आधी पांढरी लव उगवली. मग ती करडी झाली, जांभळट काळी पडली आणि खालच्या अगारमध्ये दारूसारखा लाल रंग उतरला. सूक्ष्मदर्शकाखाली गोल, गडद तपकिरी, सुरकुतलेले बीजाणू, प्रत्येक आखूड दांड्यावर एकेकटा. थर्मोमायसिस लॅन्युजिनोसस, उष्णतेत वाढणारी बुरशी!

तिचा कण २५ अंशांवर लावला. आठवडा गेला तरी ठिपका तसाच, मेल्यासारखा. तीच डिश ५० वर हलवली आणि दोन दिवसांत बुरशी कडेपर्यंत पोचली. मी कितीतरी वेळ ती डिश हातात धरून बसलो होतो.

संशोधक मायकेल टॅन्सी यांनी १९७३ मध्येच अ‍ॅलिगेटरच्या घरट्यांतून उष्णताप्रिय बुरशी वेगळ्या केल्या होत्या, त्यामुळे ती सापडली याचं नवल नव्हतं. सहकारी मात्र लगेच म्हणाला, "म्हणजे घरटं हीच तापवते!" मला ते पटलं नाही. अंडी साधारण ३० अंशांवर राहिली तर माद्या, ३३ च्या आसपास नर; ५० अंशांवर एकही जगणार नाही. या बुरशीची वाढ मात्र तिशीच्या खाली थांबते आणि खरा जोर धरते ४५-५० ला. म्हणजे अंड्यांजवळ ती जेमतेम तग धरत असणार. तिचे बीजाणू उन्हाने तापलेल्या वरच्या थरातून खाली आलेले असू शकतात. बुरशी सापडणं वेगळं आणि तिथे तिने काम करणं वेगळं.

वहीत मी फक्त "आढळली" एवढंच लिहिलं. पुढच्या हंगामासाठी चार खोलींवर ठेवायचे तापमापक मागवले, आणि वरच्या थरासाठी वेगळ्या पिशव्या.